मेट्रन कोणी व्हावे?



सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वेळापूर नावाचे गाव आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूर गाठण्यापूर्वी ज्या गावी मुक्काम करते, त्यांपैकी हे एक. गावात अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन देवालय असून देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळचे मराठी शिलालेख येथे सापडले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला वेळापूर ठाऊक असते ते या शिलालेखांमुळे, आणि वारकऱ्याला ठाऊक असते ते मुक्कामामुळे. आज मी या गावाचे नाव घेत आहे ते मात्र निराळ्या कारणासाठी. अशा एखाद्या गावातील शेतकऱ्याची मुलगी परिचारिका झाली, तर रुग्णालयातील सर्व परिचारिकांची प्रमुख, म्हणजे आपण जिला मेट्रन म्हणत आलो ती, तिला होता येईल काय? आणि व्हावयाचे तर तिने काय शिकलेले असावे?

प्रश्न लहानसा वाटतो. परंतु त्याचे उत्तर गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत दोनदा बदलले आहे. आरंभी उत्तर होते कूळ. मग आली सेवेची वर्षे. आणि आता विद्या मागितली जाते. ही तीन उत्तरे एकामागून एक कशी आली, आणि तिसरे उत्तर येऊनही प्रश्न पुरता का सुटलेला नाही, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम मेट्रनचे काम कोणते ते पाहू. रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिने नाडी पाहिली, औषध दिले, अंथरूण बदलले, की तिचे काम डोळ्यांना दिसते. मेट्रनचे काम असे दिसत नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला किती जणी ठेवावयाच्या. त्यांत नवशिक्या किती आणि मुरलेल्या किती. एकीला ताप आला तर तिच्या जागी कोणी जावयाचे. चादरी धोब्याकडून परत आल्या की नाहीत. उकळलेली साधने कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे. पहाटे पाळी बदलताना कोणत्या रोग्याविषयी काय सांगून जावयाचे. उमेदवार मुलींना काम कोणी आणि कसे शिकवावयाचे. या सर्वांचा मेळ घालणे हे तिचे काम होय. तो मेळ नीट बसला, तर तो बसविणारी कोणी आहे याची आपणांस आठवणही होत नाही. तो बिघडला म्हणजे मात्र चांगला शस्त्रवैद्य असूनही जखम चिघळते आणि उत्तम औषध असूनही ते वेळेवर पोटात जात नाही.

पालखीबरोबर लाखो माणसे चालतात, तरी प्रत्येक दिंडीला रथाच्या पुढचा अथवा मागचा आपला क्रमांक ठाऊक असतो, आणि मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळमृदंग थांबतात. चोपदार स्वतः कोणाचे ओझे वाहत नाही. परंतु तो नसता, तर चालणाऱ्यांचा जमाव झाला असता, वारी झाली नसती. रुग्णालयातील मेट्रनचे स्थान काहीसे असेच आहे. आणि व्यवस्था नसली म्हणजे काय होते, हेही याच वाटेने पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ अनेकदा उद्भवली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव गेली. त्या मृत्यूंच्या मुळाशी भक्तीचा दोष नव्हता. पिण्याचे पाणी, मलमूत्राची विल्हेवाट आणि रोग्यांची वेगळी सोय यांची व्यवस्था नव्हती, हे त्यांचे कारण होते.

हीच गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीने क्रिमियाच्या युद्धात पाहिली. १८५४ साली ती स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, तेव्हा तिला दिसून आले की, सैनिक जखमांनी मरतात त्याहून कितीतरी अधिक घाणीने आणि अव्यवस्थेने मरतात. १८५९ च्या अखेरीस तिने परिचर्येवर जे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात स्वच्छ हवा, प्रकाश व आहार यांच्या बरोबरीने एक स्वतंत्र प्रकरण व्यवस्थेला दिले आहे. त्या प्रकरणाचे सार असे की, आपण हजर असताना जे काम होते तेच आपण हजर नसतानाही होईल अशी तजवीज करणे, ही परिचारिकेची खरी कसोटी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे परिचर्येतील व्यवस्थापनशास्त्राचा आरंभ या एका विचारात आहे.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. त्या शाळेबरोबर एक नियमही जन्माला आला: परिचारिकांवर हुकूम चालावयाचा तो परिचारिकांच्या स्त्री-प्रमुखाचा, रोग्याच्या उपचारापुरता डॉक्टरांचा शब्द अंतिम, परंतु परिचारिकांची नेमणूक, शिस्त आणि शिक्षण ही मेट्रनच्या हाती. पुरुषांच्या सत्तेखाली चालणाऱ्या त्या काळच्या रुग्णालयांत ही मोठीच क्रांती होती. वेळापूरच्या देवालयात ज्याप्रमाणे शिव आणि शक्ती एकाच देवतेची दोन अंगे म्हणून पूजिली जातात, त्याप्रमाणे रुग्णालयाचा अधिकारही दुहेरी असावा असे तिने मानले.

मात्र हा अधिकार कोणाला द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी निराळे होते. सेंट टॉमसमधील मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर हीच शाळेची प्रमुख होती. १८५४ पासून १८८७ पर्यंत तिने तो कारभार सांभाळला. ती एका डॉक्टरची विधवा. परिचर्येचे रीतसर शिक्षण तिला मिळालेले नव्हते. या परिचर्याशाळेची पहिली प्रमुख स्वतः कोणत्याच परिचर्याशाळेत शिकलेली नव्हती, हे विधान चमत्कारिक वाटेल. पण पहिल्या पिढीत असेच व्हावयाचे. खरा प्रश्न पुढच्या पिढीचा होता. तेथे शाळेने लवकरच दोन वर्ग पाडले. साध्या घरातील मुलींना वेतन देऊन शिकवीत आणि त्यांनी वॉर्डात काम करावे अशी अपेक्षा असे. वरच्या घरातील मुली स्वतःचा खर्च स्वतः देत आणि पुढे त्यांनी इतर रुग्णालयांत प्रमुख व्हावे असा संकेत होता. म्हणजे हाताखालच्या मुलींवर अधिकार गाजविण्याची पात्रता पुष्कळशी घरातून घेऊन यावयाची, आणि शिक्षणाने तिच्यावर शिक्का मारावयाचा. हे झाले पहिले उत्तर: कूळ.

हे उत्तर जहाजावर चढून हिंदुस्थानात आले, तेव्हा त्याला वर्णाची जोड मिळाली. नाइटिंगेलबाई स्वतः या देशात कधीच आल्या नाहीत. तथापि १८६५ साली त्यांनी हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना लिहून दिली होती. १८८८ साली कॅथरिन ग्रेस लॉक हिच्या नेतृत्वाखाली शिकलेल्या इंग्रज परिचारिकांची पहिली तुकडी लष्करी रुग्णालयांसाठी येथे उतरली. त्यांचे काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु पुढे कित्येक वर्षे रुग्णालयाच्या प्रमुखपदी युरोपियन बाई, तिच्या खाली अँग्लो-इंडियन परिचारिका, आणि सर्वांच्या खाली देशी दाई अथवा आया, अशी उतरंड रचली गेली. त्या उतरंडीत देशी मुलीने किती वर्षे काम केले याला मोल नव्हते, कारण वरच्या पायरीची अट वर्षांची नव्हतीच.

या उतरंडीला धक्का मिळाला तो मुंबईत. १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवावयाचे रुग्णालय ही कल्पनाच तेव्हा नवी होती. तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पेची या, एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकाचे दार ठोठावणाऱ्या सात स्त्रियांपैकी एक. दार बंद असले म्हणजे काय वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी रुग्णालयाबरोबर परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय केली. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या परिचर्येच्या शिक्षणासाठी दाखल झाल्या. शिक्षण घेण्यास पुढे आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. ज्या काळी प्रतिष्ठित घरातील बाईने परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे हे बाटण्यासारखे मानीत, त्या काळी हे पाऊल किती कठीण होते याची आज कल्पनाही करवत नाही.

पाचसहा वर्षांतच प्लेगने पुणे-मुंबई ग्रासली. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या डॉक्टर पुत्राच्या मदतीने रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सावित्रीबाईंनी परिचर्येची परीक्षा दिलेली नव्हती. परंतु शिक्षण देणारी स्त्री आणि शुश्रूषा करणारी स्त्री यांच्यात अंतर नाही, ही गोष्ट त्यांच्या मरणाने महाराष्ट्राला दाखविली.

ती गोष्ट संस्थेच्या रूपाने उभी केली रमाबाई रानडे यांनी. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि गोपाळ कृष्ण देवधरांसारख्या कार्यकर्त्याच्या साहाय्याने १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली. या मुलींत तरुण विधवांचा भरणा होता. घरोघर जाऊन त्यांच्या वडीलमंडळींची समजूत घालावी लागे. विधवेने रात्री घराबाहेर राहावयाचे, सर्व जातींच्या रोग्यांना स्पर्श करावयाचा, पुरुषांच्या वॉर्डात वावरावयाचे, हे सारे त्या काळच्या पुण्याला पचणारे नव्हते. रमाबाईंनी त्यावर योजलेला उपाय ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी लिहावाचावयास शिकवावयाचे, मग परिचर्या शिकवावयाची, आणि राहण्यासाठी भरवशाचे वसतिगृह द्यावयाचे. ज्या बाईला औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचता येत नाही, तिला सेवा करता येईल, पण जबाबदारी घेता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या वेळी वरच्या दर्जाच्या प्रमाणपत्राचे शिक्षण इंग्रजीतून होई. तेव्हा मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या मुलीपुढे दोन भिंती उभ्या राहत: एक समाजाची आणि दुसरी भाषेची. पहिली रमाबाईंनी पुष्कळशी पाडली. दुसरी मात्र दीर्घकाळ टिकली.

येथवर प्रश्न होता तो परिचारिका होण्याचा. प्रमुख होण्यासाठी वेगळे शिक्षण लागते, हा विचार प्रथम अमेरिकेत विद्यापीठाच्या पायरीवर चढला. १८९३ साली तेथील परिचर्याशाळांच्या प्रमुखांनी आपली संघटना स्थापिली आणि त्यांच्या खटपटीने १८९९ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात रुग्णालयाच्या अर्थव्यवहाराचा वर्ग सुरू झाला. ज्यांनी वॉर्डात वर्षे काढली आहेत आणि आता ज्यांना इतरांना शिकवावयाचे व चालवावयाचे आहे, त्यांच्यासाठी तो होता. याच कॉलेजात मेरी ॲडिलेड नटिंग ही १९०७ साली जगातील पहिली परिचर्येची प्राध्यापिका झाली. येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. परिचारिकांना विद्यापीठात प्रथम जागा मिळाली ती रोग्याच्या उशाशी बसण्याचे शिक्षण घेण्यासाठी नव्हे, तर कारभार शिकण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातही निरनिराळ्या देशांतील परिचारिकांसाठी तसाच वर्ग निघाला.

हिंदुस्थानात संघटना लवकर झाली, शिक्षण मात्र उशिरा आले. १९०५ साली लखनौ येथे परिचारिका-प्रमुखांची संस्था स्थापन झाली. १९०८ साली शिक्षित परिचारिकांची संस्था निघाली. १९२२ साली दोन्ही एक झाल्या. प्रमुखांची संस्था आधी आणि परिचारिकांची नंतर, हा क्रम पुरेसा बोलका आहे. पुढे नोंदणीचे कायदे झाले: मद्रास इलाख्यात १९२६ साली, आणि आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ साली. नोंदणीमुळे शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे ठरले. परंतु शिकलेल्यांतून प्रमुख कोणी व्हावयाचे, याचे उत्तर तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच होते: जिने अधिक वर्षे काढली तिने. हे दुसरे उत्तर. वंशापेक्षा वर्षे बरी. वर्षे सर्वांनाच मिळवता येतात. तथापि वीस वर्षे उत्तम सुई टोचणाऱ्या बाईला एकविसाव्या वर्षी अचानक दोनशे माणसांच्या कामाचे पत्रक आखावयास सांगितले, तर ती ते कोठून शिकणार? पूर्वीच्या मेट्रनने जे केले तेच ती करणार. चांगले असेल तर चांगले, आणि वाईट असेल तर तेही.

दुसऱ्या महायुद्धाने ही उणीव उघडी पाडली. १९४३ साली दिल्लीत परिचर्या-प्रशासनाची शाळा निघाली. त्याच वर्षी सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी, म्हणजे आपल्याच मातीतले. १९४६ साली समितीचा अहवाल बाहेर पडला. त्यातील आकडे आजही विचार करावयास लावतात. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानच्या सुमारे ३० कोटी लोकसंख्येला परिचारिका होत्या अवघ्या ७,००० च्या आसपास, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टर होते सुमारे ४७,५००. जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांहून परिचारिका अधिक असतात. येथे एका परिचारिकेमागे सहासात डॉक्टर होते. १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिका तयार कराव्यात असे समितीने सुचविले.

इतक्या परिचारिका शिकवावयाच्या तर शिकविणाऱ्या कोठून आणावयाच्या, आणि त्यांना चालविणाऱ्या कोठून? या प्रश्नातून पदवीचे शिक्षण जन्मास आले. १९४६ साली दिल्ली येथे आणि वेल्लोर येथे परिचर्येची चार वर्षांची पदवी सुरू झाली. १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचे मान एक असावे अशी व्यवस्था झाली. १९४८ साली तेहमिना अड्रानवाला या भारतीय स्त्रीच्या हाती केंद्र सरकारच्या परिचर्या-विभागाची सूत्रे आली. ज्या पदाची पात्रता पूर्वी लंडनच्या घराण्यावरून ठरे, त्याच्याही वरच्या पदावर आता या भूमीतील परिचारिका बसली. १९५९ साली दिल्लीत परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी यांच्या नावाने परिचर्या महाविद्यालय स्थापिले. महर्षी कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे जे रोप लावले, त्याची ही फांदी होय. हे तिसरे उत्तर: विद्या.

सोलापूरकरांना या संदर्भात एक आठवण द्यावीशी वाटते. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव त्यांना सांगावयास नको. चीनच्या युद्धभूमीवर रोग्यांची सेवा करीत १९४२ साली त्यांनी देह ठेवला. परंतु त्यांची पत्नी गुओ छिंगलान या कोण होत्या, असे विचारले तर आपण बहुधा नर्स म्हणून थांबतो. त्या बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकशाळेत परिचर्या शिकवीत असत. डॉक्टरचे नाव लक्षात राहते. परिचारिकांना घडविणारीचे राहत नाही. हा विसर एकट्या सोलापूरचा नाही.

आता आजची शिडी पाहू. परिचर्येत प्रवेश करण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली ए. एन. एम. म्हणजे सहाय्यक परिचारिका व प्रसाविका यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावच्या उपकेंद्रात लस टोचणारी, बाळंतपणे पाहणारी आणि घरोघर फिरणारी परिचारिका या वाटेने येते. दुसरी जी. एन. एम. ही तीन वर्षांची पदविका. तिसरी चार वर्षांची बी. एस्सी. पदवी. पदविका घेतलेल्या परिचारिकेला आणखी दोन वर्षे शिकून पदवी मिळवता येते, आणि पदवीनंतर दोन वर्षांची एम. एस्सी. करता येते. पदविकेच्या शेवटच्या वर्षात वॉर्डाचा कारभार हा विषय असतो, पदवीत तो अधिक विस्ताराने येतो, एम. एस्सी. मध्ये तो स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकवतात.

महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयात अधिकाराच्या पायऱ्या अशा आहेत: अधिपरिचारिका, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम करणारी, तिच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख, मग सहाय्यक अधिसेविका, आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन. शिकविणाऱ्यांची पाठ्यनिर्देशिकांची वाट निराळी. गावाकडे उपकेंद्रातील परिचारिकेवर आरोग्य सहाय्यिका असते. साधारणतः सहा उपकेंद्रांवर तिने देखरेख करावी असा संकेत आहे. ए. एन. एम. ने काही वर्षे सेवा केल्यावर सहा महिन्यांचे वेगळे शिक्षण घेऊन त्या जागी जावे अशी योजना आहे. लक्षात घ्या, ही सहा महिन्यांची शाळा म्हणजे कारभार शिकविण्याची खेड्यातील पहिली शाळा होय. वेळापूरच्या त्या मुलीला पहिली पायरी येथेच सापडेल.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, दुसरे उत्तर आणि तिसरे उत्तर एकमेकांशी भांडत आहेत. सरकारी रुग्णालयात बढती पुष्कळशी सेवाज्येष्ठतेने होत आली. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर शिक्षण नसेल तर पुढे पाऊल टाकता येत नाही. परिणाम असा की, ज्या शिकल्या त्या बहुधा शिकविण्याच्या नोकरीत गेल्या आणि ज्या वॉर्ड चालवितात त्यांना पुन्हा शिकावयास सवड मिळाली नाही. सेंट टॉमसमध्ये शाळेची प्रमुख आणि रुग्णालयाची मेट्रन एकच बाई होती. आज या दोघी दोन इमारतींत बसतात. शिकविणारीला रोजच्या वॉर्डातील ओढाताण दुरून दिसते, आणि वॉर्ड चालविणारीला नवे शास्त्र दुरून ऐकू येते.

यावर काही लोक म्हणतात की, एम. एस्सी. झाल्यावाचून कोणालाही अधिसेविका करू नये. युक्तिवाद सोपा आहे, पण त्यात एक धोका आहे. पदवीसाठी वेळ लागतो, पैसा लागतो आणि पुष्कळदा इंग्रजी लागते. ज्या मुलीच्या घरी या तिन्ही गोष्टी आहेत ती पुढे जाईल. ज्या मुलीने सतराव्या वर्षी घराला हातभार लावावा म्हणून पदविका घेतली ती मागे राहील. मग आपण विद्येच्या नावाने पुन्हा पहिल्याच उत्तराकडे, कुळाकडे, गेलो असे होईल. सेंट टॉमसमध्ये स्वतःचा खर्च देणाऱ्या मुली वर गेल्या. आपल्याकडे स्वतःचे शुल्क देणाऱ्या जातील. दीडशे वर्षांचा प्रवास करून त्याच दाराशी येण्यात शहाणपण नाही.

उलट दुसरे लोक म्हणतात की, अनुभव हीच विद्या. पुस्तकी शिक्षणाने मेट्रन होत नाही. हेही अर्धेच खरे. अनुभवाने हात शिकतो. परंतु मनुष्यबळाचा हिशेब, संसर्गाची आकडेवारी, औषधसाठ्याची नोंद, तक्रारीची चौकशी, ही कामे केवळ हाताला शिकता येत नाहीत. आजचे अतिदक्षता विभाग म्हणजे वॉर्डाहून यंत्रशाळा अधिक. तेथे एका पाळीत कोणाला कोठे नेमावयाचे हे चुकले, तर त्याची किंमत रोग्याच्या प्राणाने द्यावी लागते.

माझ्या मते रमाबाईंची रीत येथेही खरी आहे: अट घालावयाची, तर ती पुरी करण्याची सोयही त्याच हाताने द्यावयाची. अधिकाराच्या प्रत्येक पायरीबरोबर त्या पायरीचे शिक्षण असावे, आणि ते बढतीच्या आधी, पगारी रजेवर, शक्य तेथे मराठीतून मिळावे. परिसेविका होण्यापूर्वी काही महिन्यांचा कारभाराचा अभ्यास. सहाय्यक अधिसेविकेच्या जागेसाठी पदवी, आणि ती मिळविण्यासाठी सरकारी खर्चाने दोन वर्षे. अधिसेविकेच्या जागेसाठी उच्च शिक्षण, पण वॉर्डातील वर्षांचे मोल त्यात धरलेले. आरोग्य सहाय्यिकेला जे तत्त्व लागू केले, तेच वरच्या पायऱ्यांना लावावयाचे आहे. २०२३ साली संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी परिचर्या व प्रसाविका यांच्या राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. शिक्षणाचे मान ठरविण्याचे काम या कायद्याने आयोगाकडे दिले आहे. मान उंच करताना त्याच्यापर्यंत पोचण्याच्या पायऱ्याही त्याने बांधल्या, तर सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या उपकेंद्रावरून निघालेली बाई जिल्हा रुग्णालयाच्या अधिसेविकेपर्यंत पोचू शकेल.

यात सरकारचा भाग मोठा आहे, तसा आपलाही थोडा आहे. शहरातील सुशिक्षित घरांत मुलीने डॉक्टर व्हावे अशी इच्छा सर्रास बोलून दाखवतात. तिने परिचारिका व्हावे असे म्हणणारा क्वचित भेटतो. आजारपणात मात्र डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जातात आणि उरलेले सारे तास आपण परिचारिकांच्या स्वाधीन असतो. त्या तासांचा कारभार कोणाच्या हाती असावा हे ठरविताना आपण त्या हातांच्या शिक्षणाविषयी कधी विचारले आहे काय? रुग्णालयाची निवड करताना शस्त्रवैद्याच्या पदव्या आपण पाटीवर वाचतो. त्याच वेळी येथील परिचारिकांची प्रमुख कोण, तिने काय शिकले आहे आणि तिच्या हाताखालच्या बायांना पुढे शिकण्यासाठी रजा मिळते काय, एवढे विचारावयास कोणताच खर्च येत नाही. गिऱ्हाईक जे विचारू लागते, त्याची तजवीज दुकानदार करू लागतो. रुग्णालये याला अपवाद असतील असे मानण्याचे कारण नाही.

काशीबाईंनी दार उघडले आणि रमाबाईंनी त्या दारातून विधवांना आत नेले. आत गेलेल्या बाईला वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना दाखविणे, आणि तो चढण्यास हात देणे, हे काम आपल्या वाट्याला आले आहे.